सूर्यफुलाखालचा चेहरा

मितालीच्या नाकाच्या शेंड्यावर चिकटलेल्या भाताच्या शिताला अकराशे चाळीस लाईक मिळाले, आणि पुढच्या सोमवारी मिताली पाळणाघरात आलीच नाही.

मंगळवारी नाही, बुधवारी नाही. देवश्रीनं हजेरीच्या वहीत तिसरी फुली मारली आणि पेन तसंच हातात धरून ती मृदुलाताईंकडे बघत राहिली. ताई मात्र खुशीत होत्या. चष्मा कपाळावर सरकवून, मोबाईल हातभर लांब धरून त्या वाचत होत्या.

"अकराशे चाळीस! अगं, नऊ वर्षांत हिंडोळ्याचं नाव अकराशे माणसांनी ऐकलं नव्हतं."

"ताई, मिताली तीन दिवस आली नाहीये."

"येईल गं. मामाबिमाकडे गेली असेल. तू हे बघ ने, थेट न्यू जर्सीहून कॉमेंट आलीय."

हिंडोळा म्हणजे गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतलं पाळणाघर. आसपासच्या कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या, बहुतेक गुजराती, बायका सकाळी आठला मुलांना इथं सोडत आणि संध्याकाळी सहाला घेऊन जात. कॉलेजात गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या मृदुलाताईंनी ते उभं केलं होतं. हॉल होता वसाहतीतल्या एका छोट्या उद्योजक मंडळाचा, वापरायला दिलेला. मंडळाचे चिटणीस सुभानराव अधूनमधून दाराशी उभे राहून मुलांची डोकी मोजून जात. जानेवारीत त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं: तीस जूनला पंचवीस मुलं दिसली तर हॉल हिंडोळ्याचा, नाहीतर मंडळाला गोदाम हवंच आहे. तेव्हा मुलं होती एकवीस.

म्हणून तर ताईंनी देवश्रीला अर्ध्या दिवसाच्या कामावर घेतलं होतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी., लग्नाआधी एका कंपनीत बाजाराच्या पाहण्या केलेल्या, आणि बाळंतपणापासून घरीच. "फोनवर काय टाकायचं, कधी टाकायचं, ते तू अभ्यास करून ठरव," ताई म्हणाल्या होत्या. "अंदाजपंचे नको." देवश्रीला ते फार आवडलं होतं. अंदाजपंचे असं तिच्या हातून काही होतच नसे. बाळाच्या अंघोळीचं पाणी ती आधी कोपर बुडवून बघायची, मग तापमापक बुडवून.

दोन महिने तिनं खरंच अभ्यास केला. झोक्याचे फोटो, जेवणाचे फोटो, भिंतीवरच्या चित्रांचे फोटो, सकाळी टाकलेले, संध्याकाळी टाकलेले. सगळ्यांचे आकडे मांडून तिनं ताईंना अडीच पानी अहवाल दिला. सार एका ओळीत होतं: मुलाचा चेहरा, जवळून, डोळे कॅमेऱ्याकडे. बाकी कशाहूनही चौपट लाईक. त्याप्रमाणं मार्चपासून सहा मुलांचे चेहरे हिंडोळ्याच्या पानावर झळकले. सहावी मिताली.

आणि आता पटावर सोळाच मुलं उरली होती.

देवश्रीची स्वतःची मुलगी, चौदा महिन्यांची शिवांगी, दांडिया बाजारातल्या घरी आजीजवळ असे. देवश्री तिथं दर तासाला फोन करी.

"आई, खाल्लं का तिनं?"

"खाल्लं."

"रडली का?"

"नाही."

"झोपली?"

"फोन वाजला नसता तर झोपली असती," सुहासिनीबाई शांतपणे म्हणत. सासूबाईंचा हा शांतपणाच देवश्रीला पुढचा तासभर पुरायचा.

शिवूच्या गालावर काजळाची तीट असायची. ती आपण सासूबाईंच्या समाधानासाठी लावतो, असं देवश्री नवऱ्याला सांगे. पण कधी राहून गेली तर अर्ध्या रस्त्यातून फोन करून लावायला लावी. तिच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर शिवूचा फोटो होता खरा, पण चेहऱ्याच्या जागी पिवळंधमक सूर्यफूल चिकटवलेलं. खाली फ्रॉक, दोन गुबगुबीत पाय. सुहासिनीबाई म्हणायच्या, "लोक विचारतात, सुहासिनी, नात झाली का बाग लावलीस?"

बुधवारी दुपारी देवश्रीनं पुन्हा तक्ता काढला. या वेळी लाईक किती हे बघायचं नव्हतं, लाईक कुणाचे हे बघायचं होतं. तिनं पहिली तीनशे नावं एकेक करून पाहिली. ताईंच्या जुन्या विद्यार्थिनी, पुण्याचे भाचे, टोरांटोची मैत्रीण, अलकापुरीतलं एक योगमंडळ. गोरव्यातले फक्त सात. त्यातले दोन हिंडोळ्यात मुलं सांभाळणाऱ्या चंपाबेनचे पुतणे.

मग तिनं दुसरा तक्ता केला आणि तो दोनदा तपासला. ज्या सहा मुलांचे चेहरे टाकले त्यांतली चार पंधरा दिवसांच्या आत यायची थांबली होती. बाकीच्या पंधरांतलं एकच सुटलं होतं.

दोन गोष्टी शेजारून चालताहेत म्हणजे त्यांनी हात धरलाय असं नसतं, हे तिला वर्गात शिकवलेलं होतं. सहा म्हणजे काही नमुना नव्हे. एखादी बाई गावी गेली असेल, एखादीनं काम सोडलं असेल. महिन्याभरापूर्वी तिनं सगळ्या बायकांना फोनवर एक प्रश्नावली पाठवली होती, हिंडोळा कसा वाटतो म्हणून. नऊ उत्तरं आली होती आणि नऊही एकच: बहु सरस, म्हणजे फारच छान. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आता वाटलं, घरी आलेल्या पाहुणीनं चहा कसा झाला विचारलं तर दुसरं कोण काय सांगणार?

गुरुवारी साडेबाराला ती वसाहतीतल्या चहाच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, जाऊन उभी राहिली. रिसेस झाली, फाटकातून बायका बाहेर पडल्या, कडुनिंबाखाली डबे उघडले गेले. देवश्री त्यांच्यातून फिरत मोजत होती. एकोणचाळीस बायका, एकतीस फोन. हिंडोळ्याचं पान कुणीच उघडलं नव्हतं. बहुतेकींनी फोन कानाला लावला होता आणि हात तोंडापुढं धरून बोलत होत्या. एकीचं बोलणं तिला ऐकू आलं: "खाधुं? रडी तो नथी ने?" खाल्लं का, रडली तर नाही ना.

नयना, मितालीची आई, पलीकडच्या दगडावर बसली होती. देवश्रीला बघून तिनं डब्याचं झाकण लावलं.

"अरे, देवश्रीबेन! तुम्ही इथं कुठं? चहा घ्या." ती गुजरातीत बोलत होती आणि देवश्रीही.

"मिताली कशी आहे?"

"मजेत. मामाकडे गेलीय."

"कसला मामा!" शेजारची बाई पोळीचा घास चावता चावता म्हणाली. "मोठीला घरी बसवलीय हिनं धाकटीपायी. पाचवीची परीक्षा चालू आहे, आणि पोरगी बहिणीला भरवतेय."

"तू जेव ने गुपचूप," नयना तिच्यावर खेकसली.

देवश्री तिच्या शेजारी बसली. "का पण, नयनाबेन? आमचं काही चुकलं? चंपाबेन काही बोलल्या का?"

"चंपाबेनचं नाव नका घेऊ. ती तर माऊली आहे."

"मग?"

नयनानं डबा बाजूला ठेवला. तिनं कमरेची बटव्यासारखी पिशवी उघडली, फोन काढला, देवश्रीचा नंबर काढून डीपी मोठा केला आणि पडदा तिच्यापुढं धरला.

"हे कोण?"

"माझी मुलगी."

"तोंड कुठंय तिचं?"

देवश्रीनं पडद्यावरच्या सूर्यफुलाकडे पाहिलं.

"मी पॅकिंगला उभी होते," नयना म्हणाली. "सुपरवायझर फोन घेऊन आला. म्हणे, ही तुझीच ना? शेंबूड का भात लागलाय बघ नाकाला. सगळे हसले. मीही हसले, काय करणार. अकराशे माणसांनी पाहिली म्हणे. मी ओळखते का एकाला तरी? घरी गेले तर पोरीला ताप."

"ताप उन्हानंही..." देवश्रीच्या तोंडून निघून गेलं.

"उन्हानंच आला असेल. मी पण आठवीपर्यंत शिकलेय, बेन. पण तुमच्या पोरीच्या तोंडावर फूल आणि माझ्या पोरीचं तोंड उघडं, ते काय उन्हानं झालं?"

शेजारची बाई चावायची थांबली. लारीवाल्यानं चहाचे दोन कप आणून दगडावर ठेवले आणि तो मुकाट्यानं मागं फिरला.

देवश्रीला प्रवेशाचा फॉर्म आठवला. सातवी ओळ जानेवारीत तिनंच घातली होती: मुलांची छायाचित्रं वापरायला आमची हरकत नाही. कडेवर रडणारं मूल सावरत, कारखान्याची घंटा व्हायच्या आत, प्रत्येक बाईनं त्याखाली सही केली होती. कागदावर सगळं चोख होतं.

शनिवारी सुभानराव आले. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यामुळं लेथ मशीनच्या कारखान्यात आयुष्य काढूनही ते खुर्चीवर बसत ते खोगिरावर बसल्यासारखे.

"फोटो फक्कड आहेत हो," ते म्हणाले. "मी आमच्या ग्रुपवर टाकतो रोज. लोक म्हणतात, सुभानराव, काय गोड मुलं आहेत तुमच्या हॉलात!"

"त्या गोड मुलांतली चार आता हॉलात नाहीत, काका," देवश्री म्हणाली, आणि तिनं तक्ता दोघांच्या मध्ये ठेवला.

मृदुलाताईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. दोनदा वाचलं. "म्हणजे फोटोंमुळं मुलं गेली, असं सिद्ध झालंय?"

"नाही. सहा मुलांवरून काहीच सिद्ध होत नाही. नयनाबेननं सांगितलं ते एकीचं झालं. बाकी तिघींना मी अजून भेटले नाहीये."

"मग? हातात आलेली अकराशे माणसं सोडायची? त्यांतलंच कुणी उद्या मदतीला येईल, देवश्री. आणि सगळं सिद्ध झाल्याशिवाय..."

"सिद्ध होईपर्यंत आणखी किती मुलांचे चेहरे टाकू, ताई?"

जरा चढ्या आवाजातच निघालं ते. झोक्यात झोपलेलं एक बाळ चाळवलं. चंपाबेननं तिथूनच डोळे वटारले. देवश्रीनं आवाज खाली आणला. "चेहरे टाका हे माझ्याच अहवालात आहे. जे मोजायला सोपं ते मी मोजत बसले. चूक माझी आहे."

ताईंनी तक्त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "चुकलेली ओळ खोडायची नाही, शेजारी लाल शाईनं दुरुस्त करायची, असं मी तीस वर्षं मुलींना सांगत होते. अहवालात लिही तसं. आणि फोटो काढून टाक. सगळे."

"मला पंचवीसशी मतलब," सुभानराव उठत म्हणाले. पण जाता जाता दाराशी थांबून त्यांनी स्वतःचा फोन देवश्रीपुढं केला. "आमच्या ग्रुपवरचे कसे काढायचे ते दाखव जरा."

पुढचे पंधरा दिवस देवश्रीनं पानावर काहीच टाकलं नाही. ती रिसेसला लारीपाशी जाऊन बसायची. कसं वाटतं, हा प्रश्न तिनं आता टाकून दिला होता. ती एवढंच विचारायची: फोन हातात आला की पहिल्यांदा काय कळावंसं वाटतं? गेलेल्या मुलांच्या आयांना विचारलं, असलेल्यांच्या आयांना विचारलं, ज्यांची मुलं कधी हिंडोळ्यात आलीच नव्हती त्यांनाही विचारलं. खानदेशातून आलेल्या बाईनं मराठीत सांगितलं, बिहारच्या बाईनं हिंदीत. उत्तर तेच. खाल्लं का, रडलं का, झोपलं का.

वहीच्या पानावर ते तीन प्रश्न एकाखाली एक लिहिले तेव्हा देवश्रीचे कान तापले. हे शोधायला तिला दांडिया बाजारातून गोरव्याला यायची गरजच नव्हती.

मेपासून बाराच्या सुमाराला जेवणं आटोपली की चंपाबेन फोन घेऊन कोपऱ्यात बसायच्या आणि एकेका आईला तिच्या तिच्या मुलाचा निरोप बोलून पाठवायच्या. दहा-बारा सेकंदांचा. दुसऱ्या कुणाला तो जाणार नाही, पानावर चढणार नाही. देवश्रीनं त्यांना नमुन्याची वाक्यं लिहून दिली होती. चंपाबेननं तो कागद घडी करून पाळण्याच्या डुगडुगत्या पायाखाली सारला आणि आपल्या मनानं सुरू केलं: "तुझ्या लाडक्यानं आज डाळ माझ्या साडीवर ओतली आणि वर हसतोय, बेशरम. खाल्लं सगळं. झोपलाय." "तुझी आज रडली. दहा वाजेपर्यंत रडली. मग मांजर आली, गप्प झाली."

"रडली ते कशाला सांगायचं?" ताईंना ते पटेना. "आई बिचारी तिथं तळमळेल."

"कधीच रडली नाही असं रोज सांगितलं, तर आईचा विश्वास बसत नाही," देवश्री म्हणाली. "माझा नाही बसत."

"तरीच तुझी सासू दिवसाला आठ फोन उचलते," ताई म्हणाल्या, पण निरोप तसेच चालू राहिले.

कडुनिंबाखाली बायका ते निरोप स्पीकरवर लावून ऐकायला लागल्या. डाळ ओतणाऱ्याची आई पुरत्या घोळक्याला दोनदा ऐकवायची. ज्यांची मुलं हिंडोळ्यात नव्हती त्याही ऐकत. पानावर लाईक चाळिसाच्या वर जाईनात, न्यू जर्सीहून विचारणा झाली की ती गोड मुलगी कुठं गेली. पण मेच्या अखेरीला पटावर अठरा मुलं होती, जूनच्या दहा तारखेला बावीस. देवश्रीनं प्रत्येक नावापुढं एक नवा रकाना केला होता: का आली. "जाऊबाईनं निरोप ऐकवला" असं चार ठिकाणी होतं. "घर बदललं, जवळ पडतं" असं दोन ठिकाणी. तेही तिनं प्रामाणिकपणं लिहिलं.

शाळा उघडल्या त्या दिवशी नयना मितालीला घेऊन आली.

"मोठीची शाळा सुरू झाली," ती उंबऱ्यावरच म्हणाली. निरोपांचं तिनं नावही काढलं नाही. देवश्रीनं फॉर्म पुढं केला. सातवी ओळ बदलली होती, आता तिथं विचारलेलं होतं: चेहऱ्याचा फोटो काढायचा का, आणि कोणी बघायचा? नयनानं सावकाश वाचून 'नको' लिहिलं. मग पेन परत देता देता सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमची का नाही येत इथं?"

"घरी आजी आहे ने."

"हं. आजी आहे म्हणजे नशीब," नयना म्हणाली. टोमणा नव्हता तो. म्हणूनच ते वाक्य देवश्रीबरोबर घरापर्यंत आलं.

हिंडोळ्यातला कोपरा न् कोपरा तिला पाठ होता. पाण्याच्या पिंपाचं झाकण घट्ट बसतं, दाराची कडी मुलांच्या हाताला येत नाही, चंपाबेन झोपलेल्या मुलाच्या छातीवर मधूनमधून हात ठेवून बघतात. सगळं तिनं इतर आयांना सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. मग?

"माझं काही म्हणणं नाही," शिवूला हिंडोळ्यात न्यायचं का विचारल्यावर सुहासिनीबाई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांचं आहे. ती आता पळते. आणि काय गं, लोकांना तू चांगलं आहे म्हणून सांगतेस, ते तुला पटलेलं असतं ना?"

देवश्री आज-उद्या करत राहिली. शिवूला सर्दी होती, मग नवरा, सौमित्र, बाहेरगावी होता, मग पाऊस होता. एकोणतीस जूनला पट चोवीसवर थांबला आणि तिला कळलं की आपण स्वतःला भलत्याच कात्रीत धरलंय. उद्या शिवूला नेलं तर आकड्यासाठी नेल्यासारखं होणार. परवापर्यंत थांबलं तर न्यायला हॉलच नसणार.

तीस तारखेला सकाळी ती शिवूला घेऊन गोरव्याला आली. ताईंच्या टेबलाशी बसून तिनं पूर्ण फॉर्म भरला. सातव्या ओळीत तिनंही 'नको' लिहिलं.

सुभानराव दहाला आले. दाराशी उभे राहिले, बोटानं हवेत मोजू लागले. मुलं इकडून तिकडे पळत होती, त्यांना दोनदा मोजावं लागलं. "चोवीस," ते म्हणाले. मग त्यांची नजर देवश्रीच्या ओढणीत तोंड खुपसून उभ्या असलेल्या पोरीवर गेली. "आणि ही?"

"ही माझी, काका. हिला नका मोजू. आजच पहिला दिवस आहे."

मृदुलाताईंनी डोळे मिटून घेतले.

"उद्या येणार का?" सुभानरावांनी विचारलं.

"येणार."

"परवा? रोज?"

हा प्रश्न मंडळाचा नव्हता, हे देवश्रीला समजलं. रोज म्हणजे तापाची कणकण नसेल तेव्हा रोज, रडेल तरीही रोज. शिवूनं ओढणी मुठीत घट्ट धरली होती. पलीकडे चंपाबेननं मांडीवरच्या दोन मुलांना सरकवून तिसऱ्यासाठी जागा केली आणि त्या नुसत्या थांबून राहिल्या.

"रोज," देवश्री म्हणाली.

"मग मोजायचं की नाही ते मी बघतो," सुभानराव म्हणाले, आणि त्यांनी वहीत पंचवीस लिहून खाली लांबलचक सही ठोकली.

शिवूच्या मुठीतून ओढणी सोडवायला दोन माणसं लागली.

साडेबाराला देवश्री लारीपाशी होती. वही उघडून बसली होती, पण एकाही फोनची नोंद तिनं केली नव्हती. स्वतःचाच फोन मांडीवर उताणा ठेवून ती बघत होती. नयनानं शेजारी बसून डबा उघडला. डब्यातलं अर्धं थेपलं तोडून तिच्या वहीवर ठेवलं.

बारा चाळीसला निरोप आला. देवश्रीनं फोन कानाशी नेला, पण घाईत बोट भलतीकडेच लागलं आणि चंपाबेनचा आवाज सगळ्या कडुनिंबाखाली घुमला.

"देवश्रीबेन, शिवूनं भात अर्धा खाल्ला. रडली. पुष्कळ रडली, खोटं कशाला बोलू. आता मितालीच्या शेजारी झोपलीय, तिचा पाय हिच्या पोटावर आहे."

बायका हसल्या. देवश्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

"परत लावा," नयना म्हणाली. "माझीचं शेवटचं नीट ऐकू नाही आलं."

देवश्रीनं परत लावला.